पोस्टरातली बाई सिनेमात नव्हती

"ही बाई कुठंय?"

एबोने ब्रश थांबवून मान वर केली. त्याच्या रंगाच्या शेडच्या दारात एक मुलगी उभी होती. बाहेर भुरभुर लागली होती. तिच्या बारीक वेण्यांमधून थेंब ओघळून हनुवटीवर जमत होते, आणि छत्री मात्र तिने स्वतःवर न धरता काखेतल्या गुंडाळीवर धरली होती. ती गुंडाळी एबोने लगेच ओळखली. त्याचंच पोस्टर होतं ते — मैद्याची दोन पोती उसवून एकत्र शिवलेलं, त्यावर तेलरंगाने रंगवलेलं. खरं तर ते एसिलफीकाकांच्या व्हिडिओ हॉलच्या भिंतीवर असायला हवं होतं.

"तुम्ही... भिंतीवरून काढून आणलंत?"

"काकांना सांगून आणलंय. चोर नाही मी." तिने पोस्टर जमिनीवर पसरलं आणि कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवले. "हे बर्फातलं घर — होतं सिनेमात. हा कुऱ्हाडवाला — होता, बराच होता. ही मांजर — होती. आता ही. डोक्यावर घमेलं, घमेल्यात बाईचं मुंडकं, आणि ते हसतंय. दीड तास डोळे फाडून बसले. शेवटची नावं संपेपर्यंत उठले नाही. ही आलीच नाही. कुठंय ही?"

खरं उत्तर अगदी सोपं होतं. आमच्या सेकोंदी बंदरात पोस्टर रंगवणारा कधीच सिनेमा बघत नाही. शनिवारी हॉलवाला कॅसेटचं रिकामं खोकं आणून देणार, सोमवारी संध्याकाळी पोस्टर भिंतीवर चढणार. खोक्यावरचं चित्र उतरवायचं आणि उरलेली जागा आपल्या मनाने भरायची. कुणी साप घालतो, कुणी एखादं डोकं वाढवतो. बघणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. हॉलमधून बाहेर पडताना लोक दोन शिव्या हासडतात आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येतात. पण हरवलेल्या भुताचा जाब विचारायला भर पावसात आजवर कुणी आलं नव्हतं.

आणि एबोचं म्हणाल तर त्याचं आणखी एक गुपित होतं, ते फक्त त्याच्या एकुआमावशीला माहीत होतं. हा सहा फुटी, अठ्ठावीस वर्षांचा गडी, ज्याची पोस्टरं बघून लहान पोरं रस्ता बदलायची, तो कंदील लावल्याशिवाय झोपत नसे. सिनेमा तर सोडाच, कॅसेटचं खोकंसुद्धा काम झालं की तो उलटं करून ठेवायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. एबोच्या पाठी अख्खं बिऱ्हाड होतं. ते तो पोत्यावर उतरवायचा, कारण एकदा रंगवलं की ते घरी येत नसे, असा त्याचा अनुभव होता.

हे सगळं सांगून टाकायचं. एवढंच करायचं होतं. पण त्याने तिच्याकडे पाहिलं — ओल्या कपाळाखाली ते डोळे, रागावलेले आणि तरी कसल्यातरी आशेने लागलेले — आणि तोंडातून निघून गेलं, "तुमच्या कॅसेटमध्ये तो भाग कापलाय."

"कापलाय?"

"इथं येईपर्यंत कापतातच. मी पूर्ण पाहिलाय."

"कितीदा?"

खोटं बोलावं, पण रेटून बोलावं. "दोनदा," एबो म्हणाला.

तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने रंगाचा रिकामा डबा उपडा केला, त्यावर बसली, गुडघ्यांवर कोपरं टेकली. "मग सांगा."

आता आली का पंचाईत. एबोने घसा खाकरला, आणि ज्या विचाराने त्याला गेले चार दिवस झोप नव्हती तोच विचार मोठ्याने बोलायला लागला. एक मासेवाली. डोक्यावर घमेलं, वर ओलं फडकं. दारोदार हिंडते. मासे ताजे, डोळे चमकणारे, खवल्यांवर अजून वाळू.

"पण बर्फात मासेवाली?"

"तो कुऱ्हाडवाला लहानपणी बंदरावर राहायचा ना. त्याच्या लहानपणातला भाग आहे. म्हणून तर कापला." एबोला स्वतःचंच कौतुक वाटलं. "ती फक्त मंगळवारी यायची."

"मंगळवारी कशी येईल?" मुलगी हसली. "मंगळवारी समुद्राची सुट्टी. एकही होडी जात नाही."

"नाही ना जात," एबो हळूच म्हणाला. "मग तिच्याकडे ताजी मासळी कुठून यायची?"

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. मुलीचं हसू ओठांवरच थांबलं. कुऱ्हाडवाल्याच्या देशात समुद्राला मंगळवारची सुट्टी कशी, हे तिने विचारायला हवं होतं. पण भुकेल्या माणसाला ताटात कोणी वाढलं हे विचारायचं सुचत नाही. तिने आपला उजवा हात एबोपुढे धरला. मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा होता.

"बघा," ती म्हणाली. "अकरा वर्षांनी आलाय."

तिचं नाव अराबा. सरकारी शाळेत चौथीला गणित शिकवायची. नाव ऐकल्यावर एबोच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याने पटकन नजर पोस्टरकडे वळवली. कारण गणिताच्या अराबाबाईंचा लग्नाचा पण सगळ्या सेकोंदीला माहीत होता: जो माणूस शेजारी बसून अख्खा भुताचा सिनेमा डोळे न झाकता बघेल, त्याच्याशीच लग्न करीन. तिघांनी नशीब अजमावून पाहिलं होतं. बंदरावरचा कारकून, एक औषधवाला, आणि एक हवालदार. हवालदाराची टोपी अजून हॉलमध्ये खिळ्याला लटकत होती.

त्यानंतर दर मंगळवारी असंच व्हायला लागलं. होड्या किनाऱ्यावर, कोळी मोकळे, त्यामुळे तीनच्या खेळाला हॉल गच्च. खेळ सुटला की अराबा भाजलेल्या शेंगदाण्यांचा पुडा घेऊन थेट एबोच्या शेडमध्ये. तिचा बसायचा डबा ठरलेला. नवं पोस्टर, त्यावर सिनेमात नसलेलं नवं भूत, आणि एबोच्या तोंडून त्याचा "कापलेला" भाग. ज्याची सावली त्याच्याआधी घरी पोचते ते पोर, मेलेली गिऱ्हाइकंच दाखवणारा न्हाव्याचा आरसा... सांगता सांगता एबो स्वतःच वळून पाठीमागे बघायचा, आणि अराबाला वाटायचं काय रंगून सांगतो हा माणूस.

"तुमच्या नाकावर रक्त लागलंय," एकदा ती म्हणाली.

"रंग आहे तो."

"माहितेय. पण रक्त म्हटलं की बरं वाटतं." तिने आपल्या रुमालाने ते पुसलं, गरजेपेक्षा जरा सावकाशच. "घमेलेवालीचं पुढं काय झालं ते अजून सांगितलं नाहीत. घमेल्यात मुंडकं तिचं. मग मानेवर कुणाचं? तिथं तुम्ही नुसती सावली रंगवलीय."

"पुढच्या मंगळवारी."

"मागच्या मंगळवारी पण हेच म्हणालात."

ते मुद्दाम नव्हतं हो. त्या सावलीत कोण आहे ते एबोलाही ठाऊक नव्हतं. तिथपर्यंत विचार गेला की तो कंदिलाची वात वाढवायचा आणि उताणा पडून छपराच्या वाशांकडे बघत राहायचा.

"तुम्हाला हे एवढं का आवडतं?" त्याने एक दिवस विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. कुणी आपणहून घाबरायला का जाईल?

अराबा शेंगदाण्याचं साल चोळत राहिली. "मी सहा वर्षांची होते तेव्हा आई गेली. घरी जो तो म्हणायचा, रडू नकोस, घाबरू नकोस, शहाणी ना तू? मी शहाणी राहिले. मग मामा एकदा मैदानावर घेऊन गेला, सिनेमाची गाडी आली होती. भुताचा होता. आणि पडद्यावर कवटी आली तेव्हा... अख्खं मैदान किंचाळलं. मोठेमोठे नाखवे, बाजारातल्या बायका, चर्चचे वडीलधारे. मला वाटलं, अरे, हे सगळेच घाबरतात की. मी एकटी नाही. त्या दिवशी मी पोटभर ओरडले, आणि घरी येऊन आईसाठी पहिल्यांदा रडले." तिने फुंकर मारून सालं उडवली. "तेव्हापासून एक सिनेमा सोडला नाही. स्टेशनाजवळचा जुन्या पुस्तकांवाला भुताची पुस्तकं आली की माझा वेगळा गठ्ठा बांधून ठेवतो. पण पंधराव्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, सगळे डाव कळायला लागले. आता दार करकरणार, आता मांजर उडी मारणार. वीस वर्षं बघतेय, त्यातली अकरा नुसती वाट बघतेय. आणि मग तू... तुम्ही भेटलात."

"तू चालेल," एबो म्हणाला. त्याच्या हातातला ब्रश हिरव्या डब्याऐवजी चहाच्या कपात बुडाला होता.

एकुआमावशी शेजारीच केंकी विकायची. केळीच्या वाळक्या पानांत बांधलेले आंबवलेल्या मक्याचे गोळे, सोबत तळलेला मासा आणि झणझणीत मिरचीचा ठेचा. पानं बांधता बांधता ती सगळं बघत होती. "लेका," ती म्हणाली, "तुम्ही दोघं मंगळवारी जन्मलेले, नावंच सांगतात तुमची, जोडा छान आहे. पण ती पोरगी भुतांवर भाळलीय आणि तू कंदील लावून झोपतोस. सांगून टाक तिला. नाहीतर एक दिवस ती हात धरून तुला हॉलमध्ये नेईल."

"सांगतो."

"कधी?"

"पुढच्या मंगळवारी."

पण अराबा पडली मास्तरीण. अन्याय दिसला की उभं राहून बोलायची सवय. एका मंगळवारी मध्यंतरात ती बाकावर चढली आणि तिने सगळ्या हॉलला सांगितलं की आपल्याकडे कापलेल्या कॅसेटी येतात, पोस्टरवाल्या एबोने पूर्ण सिनेमे पाहिलेत. झालं. कोळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. बाकीच्यांना अख्खं भूत आणि आम्हाला अर्धं? बिचारे एसिलफीकाका कॅसेटवाल्याशी भांडायला थेट राजधानीत, अक्राला गेले आणि तोंड पाडून परत आले. तसेच एबोकडे. पाठोपाठ अराबाही.

"तो म्हणतो, कापलेलं काहीच नाही. मलाच वेड्यात काढलं," काका घाम पुसत म्हणाले. "आता तूच ये बाबा. येत्या मंगळवारी पुढच्या बाकावर बस. जिथं कापलंय तिथं हात वर कर, मी कॅसेट थांबवतो. चारशे डोळ्यांसमोर सिद्ध होऊ दे."

"माझ्या शेजारी बस," अराबा हळूच म्हणाली. आणि पापण्या खाली घातल्या — अराबाने, जी कवटीसमोरही पापणी लववत नसे.

शेजारी बसण्याचा अर्थ काय ते दोघांनाही माहीत होतं. एबोचं काळीज आनंदाने उडालं आणि तिथेच भीतीने गोठलं. आता खरं सांगावं तर खोटारडा ठरणार, हॉलमध्ये जावं तर भित्रा ठरणार, आणि कसंही झालं तरी अराबा जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने विहीर निवडली.

मंगळवारी बाहेर टळटळीत ऊन होतं. हॉलच्या खिडक्यांना पुठ्ठे ठोकलेले, त्यामुळे आत मिट्ट काळोख आणि दोनशे माणसांची ऊब. अराबाने पिवळा झगा घातला होता. तिचं कोपर एबोच्या कोपराला लागत होतं आणि ती ते काढून घेत नव्हती. पहिली दहा मिनिटं बरी गेली. एबो टीव्हीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिला, तिथे काही घडत नव्हतं. मग सिनेमातली मुलगी स्वयंपाकघरात गेली. तिने कपाट उघडलं. आत बशा होत्या. एक बशी घसरून खाली पडली.

एवढंच. पण एबो उठला तो बाक घेऊनच. बाकावरचे सात जण आणि अराबा जमिनीवर. अंधारात त्याला दार सापडेना, तेव्हा त्याने खिडकीचा पुठ्ठा टराटरा फाडला आणि खिडकीतून बाहेर उडी टाकली. आत लख्ख ऊन घुसलं आणि सगळ्यांनी बघितलं की पोस्टरवाला एबो खिळ्याला अडकलेली विजार सोडवतोय. हॉल हसून हसून लोळला. हवालदार निदान दारातून तरी गेला होता.

अराबाला तो बंदरावरच्या जुन्या किल्ल्याखालच्या कठड्यावर सापडला. ती बऱ्याच अंतरावर बसली. खाली ओढून ठेवलेल्या होड्यांवर जाळी वाळत होती.

"बशी होती ती," ती म्हणाली.

"हो."

"नुसती बशी."

"हो."

"दोनदा पाहिला होतास ना तो कुऱ्हाडवाला?"

"एकदाही नाही. कुठलाच नाही. आजची दहा मिनिटं धरून आयुष्यात दहा मिनिटं." मग एबोने सगळं सांगितलं. खोकं, कंदील, बिऱ्हाड, सगळं. काही लपवलं नाही.

"मग ती घमेलेवाली?"

"माझी."

"सावलीचं पोर? न्हाव्याचा आरसा?"

"सगळी माझीच."

अराबा खाली वाळणाऱ्या जाळ्यांकडे बघत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज ओला होता. "तू भितोस याचा मला राग नाही, एबो. जगात सगळेच भितात, ते मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. पण चार महिने मी घरी जाऊन मामाला सांगतेय की माझ्यासारखा एक माणूस भेटलाय मला. असा माणूसच नव्हता. भुतं खोटी निघाली असती तर चाललं असतं रे. माणूस तरी खरा निघायला हवा होता."

ती उठून गेली. एबो तिच्यामागे धावला नाही.

पुढचे तीन मंगळवार अराबाचा उपडा डबा रिकामाच राहिला. एबोला जेवण जाईना. पण एक गोष्ट त्याने केली, आणि ती कुणालाच माहीत नव्हती, मावशीलाही नाही. तीनचा खेळ सुरू झाला की तो गुपचूप हॉलमध्ये शिरून अगदी शेवटच्या बाकावर, खांबाआड बसायचा. पहिल्या मंगळवारी बारा मिनिटं टिकला. दुसऱ्या मंगळवारी वीस. तिसऱ्या मंगळवारी अर्धा तास, पण मग मागच्या मागे जाऊन उलटी केली. तिला जिंकायचं म्हणून नव्हतं ते. ती आयुष्यभर जिथे बसत आली ते ठिकाण त्याला आतून बघायचं होतं. पुढच्या बाकावर तिची ताठ मान दिसायची. सगळे किंचाळायचे, ती मान हलायची नाही.

चौथ्या मंगळवारी ऐन भरात यंत्राने कॅसेट खाल्ली. टीव्हीवर मुंग्या आल्या, मग त्याही गेल्या. एसिलफीकाकांनी झाकण उघडलं तर आतून फितीचा गुंताच गुंता निघाला. दुसरी कॅसेट नव्हती. शिट्या सुरू झाल्या, मग बाक आपटायला लागले. कुणीतरी ओरडलं, "ही पण कापलेलीच का?" काका हात जोडत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

आपण कधी उठलो ते एबोला कळलंच नाही. तो बाकांमधून चालत पुढे गेला आणि बंद टीव्हीसमोर उभा राहिला. हशा पिकला. "खिडकी तिकडे आहे," एक नाखवा म्हणाला.

"माहितेय," एबो म्हणाला. "आधी ऐकून घ्या. कॅसेटी कापलेल्या नव्हत्या. काकांची काही चूक नाही, आणि अराबाबाईंची तर नाहीच. मी खोटं बोललो. मी एकही सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही. मी भित्रा आहे. आत्ता इथं उभा आहे तर माझे पाय बघा." लोकांनी बघितले. खरंच लटपटत होते. "पण पोस्टरातली बाई मला माहीत आहे. ती माझ्याकडे रोज येते. ऐकायची असेल तर सांगतो."

पुढच्या बाकाकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शब्द फुटला नसता. त्याने सुरुवात केली.

मासेवाली. मंगळवार. किनाऱ्यावर होड्या, आणि घमेल्यात ताजी मासळी. शिट्या थांबल्या. समुद्राची सुट्टी काय असते ते त्या हॉलपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार. एबो सांगत गेला. गिऱ्हाईक फडकं उचलतं. मासळी नसतेच. एक मुंडकं असतं, डोळे मिटून हसणारं. गिऱ्हाइकाला वाटतं, ही मासेवाली स्वतःचंच मुंडकं डोक्यावर घेऊन हिंडतेय. मग... मग मानेवर...

आणि तो थांबला. सावलीपाशी आला होता. इथून पुढे तो कधी गेलाच नव्हता. कानात समुद्र गरजायला लागला, नजर आपोआप खिडकीकडे वळली. दोनशे माणसं श्वास धरून बसली होती.

"थांब," पुढच्या बाकावरून आवाज आला. "त्या दिवशी मी तिथं होते."

ही आमच्याकडची जुनी रीत आहे. गोष्ट सांगणारा अडला, दमला, की ऐकणाऱ्यांतलं कुणीही उठून एवढं म्हणू शकतं, आणि गाणं धरतं. गाणं संपेस्तोवर सांगणाऱ्याला श्वास मिळतो. पण कुणाच्याही गोष्टीत कुणी असं उभं राहत नाही. तिच्यात आपला जीव गुंतलाय, असं चारचौघांत कबूल करणंच असतं ते. अराबा उभी होती. तिने जाळं ओढतानाचं गाणं धरलं, आवाज जरा चिरकाच होता, पण दुसऱ्या ओळीला नाखव्यांनी साथ दिली, तिसऱ्या ओळीला हॉल टाळ्यांनी दुमदुमला. गाताना ती सरळ एबोकडे बघत होती. एबोच्या पायांतली थरथर गेली नाही, पण आता त्या थरथरत्या पायांवर उभं राहता येत होतं.

गाणं संपलं. "हं," अराबा म्हणाली. "मानेवर कुणाचं?"

"ओझं घेतलेल्या बाईच्या तोंडाकडे कुणी बघत नाही," एबो म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "सगळे घमेल्यात बघतात. एक बाई होती, तिने बघितलं. घमेल्याखाली वाकून, सावलीत. मानेवर तोंड होतं मागच्या मंगळवारच्या गिऱ्हाइकाचं. ओठ हलत होते. ते म्हणत होतं, तू माझ्याकडे बघितलंस, आता पुढच्या मंगळवारी तू. आणि आज..." त्याने हॉलभर नजर फिरवली. "आज कोणता वार?"

तेवढ्यात दाराचा पडदा बाजूला झाला. उन्हाच्या पट्ट्यात एका बाईची काळी आकृती उभी राहिली. डोक्यावर घमेलं. वर ओलं फडकं.

जी किंकाळी उठली ती म्हणे रेल्वेच्या कारखान्यापर्यंत ऐकू गेली. नाखवे बाकांखाली शिरले, एसिलफीकाका टीव्हीला मिठी मारून बसले. आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत लांब, पुढच्या बाकावरून एक किंकाळी आली, अकरा वर्षांची साठलेली.

"मेल्यांनो, ओरडताय कशाला?" एकुआमावशी म्हणाली. "आवाज बंद झाला, वाटलं मध्यंतर झालं. केंकी आणलीय गरम."

मग जे हसू फुटलं ते पहिल्या हशासारखं नव्हतं. कोळ्यांनी एबोला खांद्यावर घेऊन हॉलला तीन फेऱ्या घातल्या. पुढच्या मंगळवारी कॅसेट नको, हाच हवा, असं तिथल्या तिथे ठरून गेलं. मावशीची केंकी पहिल्यांदाच पाच मिनिटांत संपली.

बाहेर आल्यावर अराबा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गालांवर पाणी होतं आणि ती हसत होती. तिने दोन्ही हात पुढे केले. काटा अजून गेला नव्हता.

"रागावलीस अजून?" एबोने विचारलं.

"थोडीशी. राहीन काही दिवस." तिने नाक पुसलं. "मी वेडी, न भिणारा माणूस शोधत बसले. न भिणाऱ्याला काय करायचंय? तो नुसता दगडासारखा शेजारी बसेल. तू भीत होतास आणि उभा राहिलास, आणि मला... मला परत भीती वाटली, एबो. तुझ्यामुळे. तू मला आवडतोस. खोटं बोलणारा नाही, हा, पाय लटपटणारा."

"माझंही तसंच आहे," एबो म्हणाला. "म्हणजे... पहिल्या दिवसापासून. तू छत्री पोस्टरवर धरली होतीस तेव्हापासून."

"मग दार ठोठावायला कधी येताय मामाकडे?"

ते शनिवारी सकाळी गेले. आमच्याकडे मुलाकडची माणसं मुलीच्या घरी जाऊन दार ठोठावतात, सोबत दारूच्या दोन बाटल्या नेतात, आणि मुलीला सगळ्यांसमोर तीनदा विचारतात. एबोकडून एकुआमावशी आणि एसिलफीकाका गेले होते. अर्धा हॉल बोलावणं नसतानाही अंगणात येऊन बसला होता. अराबाचा मामा निवृत्त इंजिन ड्रायव्हर, भुवया एवढ्या जाड की डोळे दिसत नसत.

"अराबा, ही माणसं बाटल्या घेऊन आलीत. घेऊ का?" मामाने विचारलं.

"घ्या," अराबा म्हणाली.

"नीट विचार कर. एकदा उघडल्या की परत देता येत नाहीत. घेऊ का?"

"घ्या, मामा."

"शेवटचं विचारतो. घेऊ का?"

अराबा गप्प राहिली.

अंगणातली कुजबुज थांबली. मावशीचा हात तोंडावर गेला. अराबाने एबोकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत काय आहे ते त्याला काही केल्या वाचता येईना. त्याच्या छातीत घण बसायला लागले. पळून जावंसं वाटलं, आणि जागचं तसूभरही हलू नये असंही वाटलं. आणि मग, त्या घणांच्या आवाजातच, एबोला एकदम उमगलं की ही मुलगी सहाव्या वर्षापासून त्या अंधाऱ्या बाकांवर कशासाठी जाऊन बसत होती. याच्यासाठी. या श्वास अडकलेल्या घटकेसाठी, जिच्यात सगळं जाऊही शकतं आणि सगळं मिळूही शकतं. त्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती संपू नये असंही कधी वाटलं नव्हतं.

त्याने डोळे उघडेच ठेवले.

"घ्या," अराबा म्हणाली.